डावरीचे तीनशे डोळे

साहेब, चोर तुम्ही आहात. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे गोष्ट ऐकताना दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय तुम्हाला राहणार नाही. तुम्ही कुणाच्या घरात शिरला नाहीत, कुणाचं कुलूप फोडलं नाहीत. परवाना कचेरीच्या आतल्या खोलीत, पंख्याखाली बसल्या बसल्या, तुम्ही एका बाईचे हात चोरलेत. आणि वर तिलाच विचारलंत, तुझा अंगठा कुठाय म्हणून.

त्या बाईला सगळे डावरी म्हणत. सुरी डाव्या हातात धरायची म्हणून. वीस वर्षं नवरा-बायको संत्र्याची कलमं बांधत होते. जंगली लिंबाचं करंगळीएवढ्या जाडीचं रोप म्हणजे खुंट. नवरा पुढे सरकत खुंटाचे काटे सोलायचा, वीतभर खोड पुसून स्वच्छ करायचा. मागून डावरी उकिडवी सरकत यायची. खुंटाच्या सालीला एक उभी, एक आडवी चीर. मग गोड झाडाच्या काडीवरून पानाच्या बगलेतला कोंब, ज्याला धंद्यात डोळा म्हणतात तो, सालीसकट उचलायचा, चिरीत सरकवायचा आणि प्लास्टिकच्या पट्टीने आवळायचा. दिवसाला ऐंशी डोळे. शंभरातले पंचाण्णव धरायचे. उरलेल्या पाचांसाठी ती दोन दिवस धड जेवत नसे.

सुरीची धार दर खेपेला डाव्या अंगठ्याच्या पेरावर येऊन थांबायची. उजव्या अंगठ्याने साल दाबायची, चीक पुसायचा. वीस वर्षांत दोन्ही अंगठे असे झाले होते की त्यांच्यावर रेघा नव्हत्या, फक्त व्रण होते. त्याचं कुणाला काही वाटलं नव्हतं. अंगठा काही कुणाला दाखवायची वस्तू नव्हती.

मग बागांना डिंक्या लागला. बुंध्यातून डिंक गळायचा, पानं पिवळी पडायची, झाड उभ्या उभ्या वाळायचं. दोन वर्षांत आजूबाजूच्या बागा सरपण झाल्या. ज्या झाडांना डावरीने डोळे भरले होते त्यांचीच मुळं उपटायच्या कामाला ती दोघं गेली. नवी कलमं कुणी लावायला तयार नव्हतं. तिची सुरी फडक्यात गुंडाळून फळीवर पडली.

तेवढ्यात कळलं की डोंगरापलीकडच्या देशात नव्या बागा लागताहेत आणि तिकडे कलम बांधणारे हात कमी पडताहेत. सहा परवाने सुटणार, दोन-दोन वर्षांचे.

"जा," सासू म्हणाली. "मी इथं मेले तर शेजारी उचलतील. तुमच्याकडून तेवढंही होणार नाही, दोघांच्या कमरा गेल्यात."

कचेरीत आतल्या खोलीत साहेबाचं लांब टेबल. त्यावर शिक्के, घंटी, घंटीच्या उजवीकडे शाईची निळी डबी आणि मधोमध ते अंगठ्याचं मशीन. शिपायाने नवऱ्याचा अंगठा काचेवर ठेवला. हिरवा दिवा. मग डावरीचा. लाल.

"दाबा ताई. विंचू नाही तो, चावत नाही."

तिने दाबला. लाल. दुसरा अंगठा. लाल. शिपायाने काच पुसली, तिचा अंगठा पुसला, पुन्हा काच पुसली.

"ताई, तुम्ही नक्की जिवंत आहात ना? मशीन म्हणतंय इथं कुणीच नाहीये."

रांगेतली माणसं हसली. नवराही थोडा हसला, लोक हसले की तो हसायचाच.

साहेबाने चष्म्यावरून पाहिलं. "काय गं, अंगठा घरी विसरलीस का?"

"कामानं झिजलाय साहेब."

"मग अंगठा सांभाळून काम करायचं. मशीनला तुझं काम काय माहीत?" तो अंगठ्याकडे बघत राहिला. "कलमं बांधता तुम्ही?"

"हो."

"बाहेर थांबा."

ऊन कलल्यावर त्याने दोघांना आत घेतलं. आवाज मऊ झाला होता. बंगल्यामागे त्याचे पाचशे खुंट उभे होते, डिंक्या लागणार नाही अशा नव्या जातीचे. त्यातले दोनशे तयार होते. ते भरून द्यायचे. परवान्याच्या चाचणीला प्रत्येकाने सहा आठवड्यांची पाच कलमं नमुना म्हणून आणायची होती. ती पाचही तिथंच वाढू देत, तो म्हणाला, जाळीची सावली आहे, पाण्याचा नळ आहे. चाचणीच्या दिवशी जीपमधून येतील.

"आणि अंगठा?" डावरीने विचारलं.

"त्याचं मी बघतो. मी बसलोय कशाला इथं?"

घरी सासू म्हणाली, "पाच रोपं आपल्या दारात आण. परक्याच्या अंगणात आपली वस्तू कशाला?"

"दारात आणून थुंकीवर वाढवू का आई? नळाला तिसऱ्या दिवशी पाणी येतं."

हीच तिची चूक. पण ती चूक तिच्या धंद्यातल्या कुणीही केली असती. कलमाला नावाची चिठ्ठी लावायची रीतच त्यांच्यात नव्हती. गाठ हीच चिठ्ठी. पट्टी कशी फिरवली, टोक कुठे खोचलं, यावरून बांधणारा ओळखायचा. डावरीची पट्टी खालून वर, डावीकडे चढत जायची आणि टोक उलट्या बाजूला खोचलेलं असायचं. असं दुसरं कुणी बांधत नव्हतं. कुणी आपला हात ओळखणार नाही, हे तिच्या मनातच आलं नाही.

तीन दिवस बंगल्यामागे काम चाललं. सकाळी आठला जमीन तापायची. नवऱ्याच्या बोटांना काट्यांची भोकं पडली होती, तो मधून मधून बोट तोंडात घालायचा. डावरीची मांडी आखडली की ती एका गुडघ्यावर टेकायची, मग दुसऱ्या. पाणी प्यायला नळ होता, पण तो बागेचा. घरातल्या भांड्यातून कुणी पाणी विचारलं नाही. साहेबाचा मेहुणा सावलीत खुर्ची टाकून बसायचा आणि तिच्या हाताचा व्हिडिओ काढायचा.

"एवढं काय काढताय?" तिने एकदा विचारलं.

"शिकतोय वहिनी."

"बसून शिकायचं काम नाही हे. इकडे या, सुरी धरा."

"ऊन आहे हो," तो म्हणाला.

दोनशे पूर्ण झाले. तिने जाळीखालची पाच निवडून कोपऱ्यात लावली. रोज संध्याकाळी तीन मैल चालून ती त्यांना बघायला जायची. बाराव्या दिवशी डोळे फुगले, विसाव्या दिवशी फुटले. सहाव्या आठवड्यात वीतभर कोंबांची पानं वाऱ्याला हलायला लागली. दोनशेतले एकशे त्र्याण्णव धरले होते. साहेब मागच्या दारात उभा राहून म्हणाला, "छान. छान." कुत्र्याला म्हणतात तसं.

चाचणी कचेरीमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये होती. दोघं पहाटे निघून आले. दारावर नावांची यादी चिकटवली होती. नवऱ्याचं नाव होतं, 'मदतनीस' म्हणून. डावरीचं नव्हतं.

"अंगठा नाही ना ताई," शिपाई खाली बघत म्हणाला. "फाइल पुढे गेलीच नाही."

ती दारातच उभी राहिली. आत चार टेबलं. एकामागे मेहुणा, बाकी तिघांमागे त्याचे मित्र, नवे शर्ट घातलेले. प्रत्येकापुढे पाच-पाच कलमं. वीस कलमं, आणि विसांचीही पट्टी डावीकडे चढत गेलेली.

डोंगरापलीकडून आलेला तपासनीस म्हातारा होता. आपली भाषा त्याला मोडकीतोडकी यायची. त्याने एक कलम उचललं, नाकाजवळ नेलं, पट्टीवरून बोट फिरवलं आणि त्याचा चेहरा उजळला. "हे... फार सुंदर. कोण केलं?"

"मी," मेहुणा म्हणाला.

"ते माझं आहे," डावरी दारातून बोलली.

साहेब हसला. "त्यावर नाव लिहिलंय का तुझं?"

"गाठ लिहिलीय. त्यांना सोडायला सांगा."

म्हाताऱ्याने तिच्याकडे पाहिलं, मग मेहुण्याकडे. "सोडा," तो म्हणाला.

मेहुण्याने टोक धरलं आणि उजवीकडे ओढलं. पट्टी आणखी आवळली. पुन्हा ओढलं. मग घाम फुटल्यावर त्याने हिसका दिला आणि वीतभर वाढलेला हिरवा कोंब सालीसकट उपटून त्याच्या हातात आला. खुंटावर ओली पांढरी जखम उघडी पडली. डावरीच्या तोंडातून आवाज निघाला, पोर पडताना बघून निघतो तसा.

"घाबरला हो तो," साहेब म्हणाला. "लोक बघताहेत ना. चला, जेवणाची वेळ झाली."

तपासनीसाने वहीत काहीतरी लिहिलं. जाताना डावरीपाशी थांबला. "मी झाड बघतो," तो म्हणाला. "माणूस तुमची कचेरी बघते." आणि गेला.

नवरा भिंतीला टेकून उभा होता. तो सगळा वेळ तिथंच होता.

घरी पोचून दार लावल्यावर ती म्हणाली, "तुमच्या तोंडाला काय पट्टी बांधली होती?"

"बोललो असतो तर माझाही गेला असता."

"जाऊ द्यायचा होता! तुम्ही काटे सोलणार आणि मागून ते माकड साली फाडणार. त्याचा हात म्हणून माझी कलमं दाखवायची आणि त्याचा मदतनीस म्हणून माझा नवरा. माझ्या घरात आता फक्त चूल राहिलीय, तीही नेऊन द्या बंगल्यावर."

"मग नको जाऊ?"

सासू कोपऱ्यातून म्हणाली, "जा रे तू. एकाचं तरी पोट तिकडे भरेल. हिचं मी बघते." मग थोड्या वेळाने, "तसा तू लहानपणापासून भित्राच."

तो गेला. डावरी त्याला वेशीपर्यंत पोचवायला गेली नाही. पण त्याच्या पिशवीत बोटांना गुंडाळायच्या चिंध्या धुऊन ठेवल्या होत्या.

महिना गेला. ती मुळं उपटायच्या कामावर होती. एके दिवशी दुपारच्या सुट्टीत नवऱ्याचा फोन आला.

"शंभरात अकरा," तो म्हणाला.

"काय अकरा?"

"अकरा धरले. बाकीचे काळे पडले. मालक रडायचा बाकी आहे. त्या चौघांना आता पेट्या उचलायला लावलंय. मी बोललो आज. नमुन्याचा फोटो होता मालकाकडे. म्हटलं, ही गाठ माझ्या बायकोची. तो म्हणतो, हा हात आणा, नाहीतर तुमच्या कचेरीकडून एकही माणूस घेणार नाही. तसं पत्र गेलंय साहेबाला. ऐकतेयस ना?"

"ऐकतेय."

"रागावलीस अजून?"

"तुमची बोटं कशी आहेत?" तिने विचारलं.

तिसऱ्या दिवशी शिपाई सायकल घेऊन दारात आला. "साहेबांनी बोलावलंय ताई. बंगल्यावर."

साहेब मागच्या दारात उभा होता. पत्राचं नावही त्याने काढलं नाही. "तुझं बघतोय मी. वरपर्यंत बोललोय तुझ्यासाठी. पण असं कर, ते उरलेले तीनशे खुंट तयार झालेत. जायच्या आधी तेवढे भरून टाक."

डावरीने त्याच्याकडे पाहिलं. सही त्याला करावीच लागणार होती. ते त्याला माहीत होतं, आणि तिला माहीत आहे हे त्याला माहीत नव्हतं. गळ्यापर्यंत बुडालेला माणूस, पण त्याही वेळी त्याचा हात दुसऱ्याच्या ताटाकडेच जात होता. ती नाही म्हणू शकली असती. सरळ घरी गेली असती तर दोन दिवसांनी सही चालत दारात आली असती.

"भरते की साहेब," ती म्हणाली. "काड्या मीच आणते."

दुसऱ्या दिवशी ती ओल्या गोणपाटाच्या दोन गुंडाळ्या घेऊन आली. एकीत दूरच्या वाचलेल्या बागेतून आणलेल्या गोड संत्र्याच्या काड्या होत्या, त्यासाठी ती जाऊन-येऊन चौदा मैल चालली होती. दुसरीतल्या काड्या तिने येता येता साहेबाच्याच कुंपणाच्या कोपऱ्यातून कापल्या होत्या. तिथं एक जुनं जंगली संत्र्याचं झाड होतं. डिंक्यात सगळी झाडं गेली, ते मेलं नाही. त्याची फळं दिसायला सोन्यासारखी, पण आतून इतकी कडू-आंबट की पाखरंही चोच मारून उडून जायची. त्याच्या पानाच्या देठाला पंखासारखी जरा रुंद कड असते, एवढाच फरक. तो फरक हाताला कळतो, खुर्चीला कळत नाही.

रात्रभर विचार करून तिने स्वतःशी ठरवलं होतं. एक संधी द्यायची. एकच.

साहेब चहाचा कप घेऊन बाहेर आला.

"साहेब, कागद तयार असेल तर आधी सही करता का? मग मला घाई नाही. निवांत, चांगलं काम करून देते."

"आधी काम," तो म्हणाला. "तुम्हा लोकांना सही हातात पडली की पाय फुटतात."

"बरं," डावरी म्हणाली. तिने गोड गुंडाळी उचलून सावलीत बाजूला ठेवली आणि दुसरी सोडली.

पुढे काटे सोलायला नवरा नव्हता, म्हणून तेही तिनेच केलं. चार दिवस लागले. आणि आयुष्यात बांधली नव्हती इतकी देखणी कलमं तिने त्या चार दिवसांत बांधली. चीर केसासारखी बारीक, डोळा एका दमात आत, पट्टी डावीकडे चढत, टोक उलट खोचलेलं. एकही डोळा वाया जायला नको होता. शंभरात पाचांचीही माफी नव्हती. प्रत्येक खुंटापाशी ती मनात एक-एक गोष्ट ठेवत गेली. हा मशीनपुढे हसलेल्या लोकांचा. हा बागेच्या नळाचा. हा 'छान छान'चा. हा उपटलेल्या कोंबाचा. दीडशेच्या पुढे आठवायला काही उरलं नाही, मग ती नुसतीच बांधत गेली.

तिसऱ्या दिवशी साहेबाच्या बायकोने खिडकीतून विचारलं, "गोड आहे ना गं जात?"

"तुमच्याच मातीतली आहे बाई," डावरी वर न बघता म्हणाली.

गोड गुंडाळी तिने घरी नेली. दारापुढे जेमतेम पाच जंगली खुंट होते, त्यात भरली. "पाणी?" सासूने विचारलं. "तोंड धुतलेलं टाकत जा," ती म्हणाली. "गोडच होतील."

पाचव्या दिवशी ती कचेरीत गेली. तीच खोली, तेच टेबल. तिने सवयीने अंगठा मशीनकडे नेला. साहेबाने ते हाताने बाजूला सारलं. घंटीच्या उजवीकडची निळी डबी ओढली, झाकण उघडलं, तिचा अंगठा धरून शाईत दाबला आणि कागदावर उमटवला. एक निळा डाग उमटला, रेघा नसलेला, व्रणांच्या बारीक पांढऱ्या चिरा असलेला.

"हे चालतं?" डावरीने विचारलं.

"चालतं की. मशीनला नाही जमलं तर शाई चालते, नियमातच आहे." त्याने सही ठोकली. "झालं. आता तिकडे जाऊन आमचं नाव काढ."

शिपायाने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिने कागद घडी करून पोलक्यात ठेवला. अंगठा पुसला नाही. तसाच निळा घेऊन ती बाहेर पडली, आणि चौथ्या दिवशी डोंगर ओलांडून गेली.

साहेब, तुमचे तीनशे डोळे फुटलेत असं ऐकतो. एकही वाया गेला नाही म्हणे. तुम्ही संध्याकाळी खुर्ची टाकून त्यांच्यात बसता. बसा. चार वर्षांनी पहिली फळं लागतील, गोल, सोन्यासारखी. तुम्ही पाहुणे बोलवाल, वरिष्ठांना पेट्या पाठवाल. मग कुणीतरी सोलेल, फोड तोंडात घालेल आणि तुमच्यासमोर थुंकेल. तेव्हा तुम्ही ओरडाल, हे कुणी केलं? खोड बघा. पट्टी केव्हाच गळून गेली असेल, पण तिचा वळ सालीवर राहतो, डावीकडे चढत गेलेला. नाव लिहिलंय का म्हणून विचारलं होतंत ना, ते तिथं तीनशे वेळा लिहिलंय.

पण त्याला चार वर्षं आहेत. आमच्या प्रश्नाला तेवढा वेळ नाही. ती शाईची डबी पहिल्या दिवशीही त्याच टेबलावर होती. घंटीच्या उजवीकडे, तुमच्या कोपरापासून वीतभर. नियम तेव्हाही तोच होता. एक झाकण उघडायचं होतं, साहेब.

का नाही उघडलंत? बोला.